जस्ताची नाणी आणि चिंचेचं पाणी

झाशीतल्या आमच्या ओळखीच्या एका मराठी घरात दिवाळीची साफसफाई चालू होती. देवघरातली तांब्याची भांडी चिंचेत भिजत घातली, त्यातच आजोबांच्या डब्यातली काळपट नाणीही टाकली. डब्यात बलवंतनगरचे, म्हणजे मराठा काळातल्या झाशीच्या टांकसाळीचे तांब्याचे पैसे होते आणि दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची फेनिग नाणीही होती. सकाळी मला बोलावणं आलं. तांब्यावरचा जुना काळपट थर उतरला होता, ते वाईटच. पण फेनिग पार खरवडल्यासारखी झाली होती. गरुडाची पिसं आणि वर्षाचे आकडे खाल्ले गेले होते. ती हानी भरून येत नाही.

ही फेनिग नाणी जस्ताची. युद्धात तांबं आणि निकेल शस्त्रांसाठी लागू लागलं, म्हणून जर्मनीने १९४० ते १९४५ या काळात १, ५ आणि १० फेनिगची नाणी जस्तात पाडली. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स इथेही तेच झालं. जस्त आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर, चांदी उजळवण्याची द्रावणं, यांतलं काहीही लावू नका.

आधी धातू ओळखा. जस्ताला लोहचुंबक चिकटत नाही आणि ते ॲल्युमिनियमपेक्षा चांगलंच जड लागतं. त्यावरचा एकसारखा राखाडी थर हा मळ नाही. हवेशी संयोग होऊन बनलेलं ते संरक्षक कवच आहे. ते काढलं की खालचं उघडं जस्त पुन्हा गंजू लागतं. पांढरी, भुरभुरीत पूड मात्र ओलाव्याची खूण आहे.

काढायची ती फक्त धूळ आणि तेलकटपणा. आधी नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका. चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा. ते पटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस, देवाचा दिवा बंद ठेवा. पाणी लागलंच, तर ते डिस्टिल्ड असावं आणि नाणं लगेच पूर्ण कोरडं करावं. पांढरी पूड लाकडी टूथपिकने अलगद सोडवा. घट्ट बसली असेल तर राहू द्या. नाणं कडेने धरा, बोटांचा घाम पृष्ठभागाला लागू देऊ नका.

मांडणीची जागाही विचारपूर्वक निवडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा कूलर दिवसभर चालतो आणि मग पावसाळा येतो. कूलरच्या खोलीत जस्त ठेवू नका. प्लायवूड आणि कच्च्या लाकडाच्या बंद पेटीत आम्लाची वाफ साठते, पीव्हीसीच्या पाकिटांतूनही आम्ल सुटतं. पॉलिएस्टरचं पाकीट किंवा ॲक्रिलिकची डबी, सोबत सिलिका जेल, आणि जेल ओलसर झालं की बदलायचं. खोबरेल तेल किंवा वॉर्निश नको. दुर्मीळ नाणं असेल, तर घरी हात न लावता संवर्धन जाणणाऱ्याला दाखवा.

राखाडी नाणं तसंच मांडा आणि शेजारी चिठ्ठी ठेवा: देश, वर्ष, धातू आणि ते जस्ताचं का झालं याची एक ओळ. पाहणाऱ्याला त्या रंगातच युद्धाची टंचाई कळेल. चकाकी आणली तर ती खूण पुसली जाईल.