निवासी मोटारीचे इंधन : शिरूर–दौंडच्या रस्त्यांवरील खरा हिशेब

झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले, चालते घर म्हणता येईल असे वाहन म्हणजे निवासी मोटार. तिलाच कारवान असेही म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटन धोरण जाहीर केले आणि अशी वाहने व त्यांच्या मुक्कामाची कारवान उद्याने यांना उत्तेजन देण्याचे ठरविले. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन तालुके अशा प्रवासाच्या वाटेवरच आहेत. अष्टविनायकांपैकी रांजणगाव शिरूर तालुक्यात आहे, तर सिद्धटेकला जाणारे पुष्कळ भाविक दौंडमार्गे भीमा ओलांडून पलीकडच्या कर्जत तालुक्यात जातात. मोरांसाठी प्रसिद्ध असलेली मोराची चिंचोलीही शिरूर तालुक्यातच आहे.

असे वाहन भाड्याने देणारा तरुण असो, ते मुक्कामास येणारी ग्रामपंचायत असो, किंवा तशाच बांधणीचे फिरते आरोग्यपथक चालविणारे कार्यालय असो, सर्वांपुढे एक प्रश्न समान आहे. हे वाहन एका लिटर डिझेलमध्ये प्रत्यक्षात किती किलोमीटर जाते?

छापील आकडा आणि रस्त्यावरील आकडा

वाहनांच्या चाचणीचे देशातील एक प्रमुख केंद्र, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था, १९६६ पासून पुण्यातच आहे. प्रवासी मोटारींची इंधनचाचणी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमानुसार घेतली जाते. अशा चाचणीचा हेतू निरनिराळ्या वाहनांची समान कसोटीवर तुलना व्हावी हा असतो. तो आकडा म्हणजे प्रत्येक रस्त्यावर मिळणाऱ्या सरासरीची हमी नव्हे. त्यातच निवासी मोटार बहुधा तयार व्हॅनवर किंवा सांगाड्यावर नंतर बांधली जाते. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या व छतावरील वातानुकूलन यंत्र यांचा भार मूळ वाहनाच्या आकड्यात धरलेला नसतो.

इंधन कोठे खर्च होते?

शिरूर व दौंड हा प्रदेश समुद्रसपाटीपासून साधारणतः पाचशे ते सहाशे मीटर उंचीवरचा, बव्हंशी सपाट आहे. येथे मोठे घाट नाहीत. त्यामुळे इंधनाच्या खर्चाची मुख्य कारणे तीन उरतात : वेग, वारंवार थांबणे आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे.

यांचा अंदाज शाळेतील पदार्थविज्ञानाच्या आधारेही करता येतो. समजा, वाहनाचे एकूण वजन ४ टन आहे, समोरील क्षेत्रफळ ५ चौरस मीटर आहे आणि हवेच्या रोधाचा गुणांक ०.५ आहे. चाकांचा घर्षणरोध वजनाच्या एक टक्का धरला तर तो सुमारे ३९० न्यूटन येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा रोधही जवळजवळ तेवढाच, म्हणजे ३८० न्यूटन असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ८० किलोमीटरला तो सुमारे ६८० न्यूटन होतो. एकूण रोध ७७० वरून १०७० न्यूटनवर, म्हणजे सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो.

एका लिटर डिझेलमधील सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जेपैकी तीस टक्के चाकांपर्यंत पोहोचते असे मानले, तर अखंड धावताना ताशी ६० ला लिटरमागे सुमारे १४ किलोमीटर आणि ताशी ८० ला सुमारे १० किलोमीटर हिशेब निघतो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे. त्यामागील कारण हेच आहे.

परंतु रस्त्यावर अखंड धावणे क्वचितच घडते. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या गावांतून जाताना गर्दीमुळे गाडी पुनःपुन्हा थांबते. गळीत हंगामात शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना उसाने भरलेल्या जोडट्रेलरच्या मागे गती मंदावते. ४ टनांचे वाहन थांबवून पुन्हा ताशी ६० वर आणण्यास, वरच्याच हिशेबाने, सुमारे ५० मिलिलिटर डिझेल लागते. म्हणजे असे वीस वेळा झाले की एक लिटर संपले. पुढील अडथळा दुरून पाहून वेग आधीच कमी करणारा चालक इंधनाची मोठी बचत करतो.

मुक्कामाचा खर्च

निवासी मोटार उभी असतानाही इंधन खाते, हे तिचे वैशिष्ट्य होय. उन्हाळ्यात वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवले आणि तासाला एक लिटर खर्च धरला, तर आठ तासांच्या रात्री ८ लिटर डिझेल जाते. तेवढ्यात गाडी पुणे ते शिरूर या अंतराहून अधिक धावली असती. खर्चापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे धुरातील विषारी वायू झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरण्याचा धोका. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे कटाक्षाने टाळलेच पाहिजे.

येथे ग्रामपंचायतीचे कार्य महत्त्वाचे ठरते. मुक्कामाच्या जागी मीटरसह सुरक्षित वीजजोडणी व पिण्याच्या पाण्याचा नळ असेल, तर इंजिन चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. पाणी मुक्कामी मिळणार असेल तर मोठी टाकी काठोकाठ भरून नेण्याचीही गरज नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. विजेचे शुल्क घेतल्याने पंचायतीला थोडे उत्पन्न मिळते, आणि प्रवाशालाही ते डिझेलपेक्षा स्वस्त पडते.

सरासरी कशी काढावी?

१. टाकी पूर्ण भरावी व किलोमीटरचा आकडा नोंदवावा. पंपाची नळी प्रथम आपोआप बंद होताच भरणे थांबवावे.
२. किमान तीनशे–चारशे किलोमीटर प्रवासानंतर शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी पुन्हा भरावी. या वेळी भरलेले लिटर म्हणजेच झालेला खर्च.
३. गाडी उभी असताना इंजिन किती तास चालले, याची स्वतंत्र नोंद ठेवावी.
४. टायर बदलले असल्यास रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहावा. टायरमधील हवा थंड असताना तपासावी.
५. एका फेरीवर विसंबू नये. उन्हाळा, पावसाळा व गळीत हंगाम यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

उदाहरणार्थ, ४१२ किलोमीटरच्या प्रवासास ४६ लिटर लागले, तर सरासरी सुमारे ९ किलोमीटर दिसते. मात्र मुक्कामात ६ तास इंजिन चालून ६ लिटर गेले असतील, तर धावण्याचा खर्च ४० लिटर व सरासरी १०.३ किलोमीटर ठरते. दोष इंजिनात नसून मुक्कामाच्या व्यवस्थेत आहे, हे अशा नोंदीमुळेच उघड होते. हे उदाहरण शिक्षकांना गणिताच्या तासालाही घेता येईल.

अंदाजपत्रक आणि प्रामाणिक नोंदवही

समजा, एखाद्या फिरत्या आरोग्यपथकाची गाडी महिन्याला १४०० किलोमीटर फिरते. लिटरमागे १४ किलोमीटर धरून वर्षाला १२०० लिटरची तरतूद केली, पण प्रत्यक्षात ९ किलोमीटरच मिळाले, तर गरज सुमारे १८६७ लिटरची असते. एप्रिलपासून चालू झालेली तरतूद नोव्हेंबरमध्येच संपते, आणि उरलेले महिने वाडीवस्तीवरील रुग्ण गाडीची वाट पाहत राहतात. चुकीच्या सरासरीची किंमत अशी रुग्णाला मोजावी लागते.

अवास्तव सरासरी ठरवून दिली की नोंदवहीही बिघडते. लिटर आधी आणि किलोमीटर मागाहून, हिशेब जुळेल असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्येक महिन्याला हुबेहूब तीच सरासरी दाखविणारी नोंदवही म्हणून संशयास्पद मानावी. खरी सरासरी ऋतू, भार व रस्ता यांनुसार थोडी कमीजास्त होणारच. अधिकाऱ्यांनी प्रथम तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून मर्यादा ठरवावी, फरक पडल्यास चालकाकडून कारण समजून घ्यावे, आणि मगच जबाबदारी निश्चित करावी.

पर्यटकांची निवासी मोटार असो वा लोकसेवेचे वाहन, तिच्या इंधनाचा विश्वसनीय आकडा तिच्याच नोंदवहीत तयार होतो. ती नियमित व खरी लिहिली गेली, तर डिझेल वाचेल, तरतूद पुरेल आणि गाडी वर्षाच्या बाराही महिने लोकांच्या उपयोगी पडेल.