काळ्या जमिनीवर आंतरराष्ट्रीय सामने

अकोला आणि अमरावतीच्या सपाट पट्ट्यातली काळी माती पाणी पटकन सोडत नाही. ओली झाली की ती फुगते, चिकट होते आणि पाणी खाली मुरण्याच्या वाटा बंद करते. उन्हाळ्यात तीच आक्रसून भेगाळते. पाऊस थांबल्यावर शेतकरी वाफशाची वाट पाहतो, तशी ती मैदानाचीही पाहावी लागते. म्हणून वऱ्हाडात स्पर्धा भरवणाऱ्याने सामन्याच्या दिवशीच्या आभाळापेक्षा आधीच्या आठवड्यातल्या पावसाचा हिशेब ठेवावा.

याचा सर्वांत जवळचा धडा विदर्भातच मिळाला. 23 सप्टेंबर 2022 रोजी नागपूरजवळ जामठा येथे भारत–ऑस्ट्रेलिया टी-20 सामना संध्याकाळी सातला सुरू व्हायचा होता. आधीच्या पावसामुळे आदल्या दिवशीचा सराव रद्द झाला होता. सामन्याच्या संध्याकाळी अडचण खेळपट्टीची नव्हती. तिच्याभोवतीच्या मैदानाचे काही भाग ओले होते. पंचांनी पुन्हा पुन्हा पाहणी केली, सव्वानऊला नाणेफेक झाली आणि प्रत्येकी आठ षटकांचा सामना खेळवला गेला. ऑस्ट्रेलियाच्या 5 बाद 90 धावा भारताने चार चेंडू राखून ओलांडल्या. रोहित शर्मा 20 चेंडूंत 46 धावांवर नाबाद राहिला. प्रेक्षक खूश होऊन घरी गेले. आयोजनाच्या नजरेने मात्र हा सामना थोडक्यात वाचला: टी-20 चा निकाल लागण्यासाठी दोन्ही संघांना किमान पाच षटके मिळावी लागतात, आणि घड्याळ त्या मर्यादेकडे सरकत होते.

आच्छादन केवळ खेळपट्टीवर घालून भागत नाही, हे तिथे दिसले. गोलंदाजाची धाव, तीस यार्डांचे वर्तुळ आणि सीमारेषेलगतचे सखल भाग झाकले नाहीत तर सुपर सॉपर वरचे पाणी उचलतो, पण मातीत मुरलेले त्याला निघत नाही. खरा उपाय गवताखालीच करावा लागतो: काळी माती काढून वाळूचा थर, त्याखाली खडी आणि छिद्रांच्या नळ्या, मध्यापासून कडेला उतार. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानात जमिनीखालून हवेच्या दाबाने पाणी ओढणारी यंत्रणा आहे. जिल्ह्याच्या मैदानाला तो खर्च झेपणार नाही, पण नळ्या आणि उतार झेपतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात असे आले आहे की नव्या मैदानावर पैसा आधी प्रेक्षागृहाला लागतो आणि नाल्यांना उरलासुरला. हा क्रम उलटा हवा.

तारीख ठरवतानाच निम्मे संकट टळते. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. जामठ्यावरची पहिली कसोटी 2008 च्या नोव्हेंबरात झाली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची धास्ती असते, 2014 मध्ये ती विदर्भ-मराठवाड्याने भोगली. मे महिन्याचे नावच काढू नये: अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, आणि नवतपात तर परदेशी पाहुण्यांना दुपारी मैदानावर उभे करणे हा अविचार ठरेल. फुटबॉलमध्ये ऊन, आर्द्रता आणि वारा एकत्र धरणारा निर्देशांक 32 अंशांवर गेला की पाणी पिण्यासाठी खेळ थांबवतात. तोच नियम इतर खेळांनीही उचलावा.

राखीव दिवस वेळापत्रकात छापलेला असावा. 2025 च्या महिला विश्वचषकात नवी मुंबईतला भारत–बांगलादेश साखळी सामना 26 ऑक्टोबरला पावसाने अर्धवट सोडावा लागला. त्याच मैदानावर 2 नोव्हेंबरचा अंतिम सामना दोन तास उशिरा सुरू होऊनही पूर्ण पन्नास षटकांचा झाला. शिवाय त्याला दुसरा दिवस हाताशी होता. साखळीला असा दिवस देणे महाग पडते, म्हणून तिथे निदान सामना लवकर सुरू करून मागे दोन तास मोकळे ठेवावेत.

विजेचा प्रश्न वेगळा, तिथे पंचांच्या मर्जीवर काही सोडू नये. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मैदान आणि उघडे स्टँड रिकामे करावेत आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा पाहण्यासाठी एक माणूस नेमावा. त्याला दुसरे काम देऊ नये.

पावसाइतकाच दुष्काळही स्पर्धा उधळतो. एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, आणि मुंबईचा अंतिम सामना बेंगळुरूला गेला. अमरावतीला अप्पर वर्धा आणि अकोल्याला काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. धरणातला साठा, शहराला मिळणारे पाणी आणि मैदानाची गरज ही तीन गणिते यजमानपद मागण्याआधीच शेजारी मांडावीत. गवतासाठी पिण्याचे पाणी लागणार नाही, प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, हे महापालिकेशी आधी लेखी ठरवावे.