‘तंत्र’ शब्दाचा अर्थविस्तार : शास्त्र, साधना आणि रसविद्या

शल्यतंत्र, शालाक्यतंत्र, अगदतंत्र हे शब्द आपण वैद्य नित्य उच्चारतो. रुग्णाच्या तोंडी मात्र ‘तंत्र’ म्हणजे बहुधा करणी, उतारा, वशीकरण. एकाच शब्दाच्या या दोन टोकांमधील अंतर चिकित्सकाने व औषधविक्रेत्याने नीट जाणून घेणे अगत्याचे आहे.

व्युत्पत्ती : ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरविणे. या धातूपासून ‘तंत्र’ शब्द सिद्ध होतो. वैदिक वाङ्मयात तो मागाच्या ताण्याला लावलेला आढळतो. त्यावरून सुसूत्र मांडणी, अर्थात शास्त्र, हा अर्थ रूढ झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ३० व्या अध्यायात आयुर्वेद, विद्या, शास्त्र व तंत्र हे शब्द समानार्थी सांगितले आहेत. वातकलाकलीय अध्यायात वायूस ‘तंत्रयंत्रधर’ म्हटले असून तेथे तंत्र म्हणजे शरीर, असे चक्रपाणिदत्त स्पष्ट करतात. चरकाच्या ३६ व सुश्रुताच्या ३२ तंत्रयुक्ती या ग्रंथार्थ लावण्याच्या पद्धती होत.

शैव-शाक्त परंपरा : राजस्थानातील गंगधार येथील इ. स. ४२३-२४ च्या शिलालेखात मातृकांच्या मंदिराचा व डाकिनींचा उल्लेख आहे. उपलब्ध शैव तंत्रग्रंथांत निश्वासतत्त्वसंहिता अतिप्राचीन मानली जाते. दीक्षा, मंत्र, न्यास व मंडल ही या साधनेची अंगे. इ. स. १००० च्या सुमारास काश्मीरात अभिनवगुप्तांनी ‘तंत्रालोक’ रचून या परंपरेस दार्शनिक बैठक दिली.

बौद्ध परंपरा : महायानातून सातव्या शतकाच्या सुमारास वज्रयान आकारास आले. त्याच्या ग्रंथांचे क्रिया, चर्या, योग व अनुत्तरयोग असे वर्गीकरण प्रसिद्ध आहे. चक्रसंवरासारख्या ग्रंथांनी शैव सामग्री स्वीकारल्याचे अॅलेक्सिस सँडरसन यांनी पाठांच्या तुलनेतून दाखविले. तथापि साध्य भिन्न आहे. शैव साधक शिवत्व इच्छितो. बौद्ध साधक शून्यता व करुणा यांच्या ऐक्यातून बुद्धत्व इच्छितो. वेरूळच्या १२ व्या लेण्यातील बोधिसत्त्वमंडले ही या प्रवाहाची महाराष्ट्रातील साक्ष होय.

रसविद्या : देह हा त्याज्य नसून सिद्धीचे साधन आहे, हा तांत्रिक विचार आपल्या रसशास्त्राच्या मुळाशी आहे. रसार्णव हा ग्रंथ भैरव-देवी संवादरूप असून रसहृदयतंत्राच्या नावातच तंत्र आहे. तेथे पारदाचे प्रयोजन लोहसिद्धी व देहसिद्धी. पुढे रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत रोगचिकित्सेस प्राधान्य आले. शोधन, मर्दन, जारण या प्रक्रिया आपण घेतल्या. त्यांची परीक्षा मात्र भस्मपरीक्षा व आधुनिक विश्लेषण यांनीच व्हावयास हवी. परंपरेचे प्राचीनत्व हे निर्विषतेचे प्रमाणपत्र नव्हे.

व्यवहार : पारद, हिंगुळ, हरताळ इत्यादी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या आशयाची सूचना असणे बंधनकारक आहे, विक्रेत्याने ती पाहूनच औषध द्यावे. ताईत वा मंत्राने रोग बरा होतो अशा जाहिरातींस १९५४ चा औषधे व जादुई उपाय अधिनियम, तर अघोरी प्रथांस महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा प्रतिबंध करतो. म्हणून ‘तांत्रिक औषध आहे का?’ असे विचारणाऱ्या रुग्णाची थट्टा करू नये, त्याच्या भीतीचा लाभही घेऊ नये. आपल्या शास्त्रात तंत्र म्हणजे सुसूत्र ज्ञान, एवढे त्यास शांतपणे सांगावे आणि निदानास प्रारंभ करावा.