सुट्टीचे सात आठवडे व कृत्यांतील तीन तरुण

परीक्षा आटोपल्या की मंडळीच्या तरुण संघाची सभा भरते व उन्हाळ्याचा कार्यक्रम ठरतो : एक सहल, क्रिकेटचा सामना आणि लहान मुलांच्या सुट्टीतील बायबल शाळेत मदत. यात वावगे काहीच नाही. मात्र तरुणांनी स्वतः शास्त्र हाती घ्यावे अशी जागा त्यात क्वचितच असते.

पुनरुत्थानाचा सण व पेन्टेकॉस्ट यांच्यामध्ये सात आठवडे असतात. २०२६ चे उदाहरण घेतल्यास ५ एप्रिल ते २४ मे. या काळात ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचण्याचा प्रघात ख्रिस्ती मंडळीत प्राचीन आहे. अध्याय २८, म्हणजे आठवड्याला चार. उन्हे चढण्यापूर्वी सकाळी अथवा दिवेलागणीनंतर तासभर जमावे आणि आळीपाळीने मोठ्याने वाचावे. गावी गेलेल्यांनी तेच चार अध्याय तिकडे वाचावेत.

या पुस्तकात तरुणांसाठी एक विशेष आहे. ‘तरुण’ या अर्थाचा ‘नेआनियास’ हा ग्रीक शब्द नव्या करारात केवळ येथेच आढळतो, आणि तोही तिघांविषयी. दुसऱ्या आठवड्यात शौल भेटतो (७:५८). स्तेफनाला धोंडमार होत असता तो साक्षीदारांची वस्त्रे सांभाळीत उभा आहे. पाचव्या आठवड्यात युतुख येतो (२०:९). पौलाचे भाषण लांबले, याला खिडकीत झोप लागली व तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (लांबलचक उपदेश करणाऱ्यांनीही हा उतारा अधूनमधून वाचावा.) सहाव्या आठवड्यात पौलाचा भाचा (२३:१६-२२). चाळिसांहून अधिक माणसांनी पौलाला ठार मारण्याची शपथ वाहिली होती. ते या मुलाच्या कानी आले व तो थेट गढीत गेला. लूक त्याचे नावही देत नाही. परंतु रोमी सरदाराने त्याचा हात धरून त्याला एकीकडे नेले आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले, हे मात्र तो आवर्जून नोंदवतो. त्याच रात्री २०० शिपाई, ७० स्वार व २०० भालेकरी पौलाच्या रक्षणार्थ निघाले.

म्हणून वाचनानंतर पाळकांनी व वडीलजनांनी लगेच बोधपर भाषण करू नये. प्रथम तरुणांनी बोलावे, त्यांच्या शंका मांडाव्यात. संघातील अनेकांना मंडळीविषयी काही सांगावयाचे असते. त्यांचा हात धरून एकीकडे नेणारे कोणी भेटत नाही, आणि एखाद्या वर्षी ते येईनासे होतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळ्यांपुढे आणखी एक प्रश्न आहे. इंदूर वा दिल्ली येथील मुलांना देवनागरी वाचता येते, पण मराठी शास्त्रातील शब्द अडतात. हैदराबाद, बंगळूर येथील अनेकांना लिपीच परकी वाटते. अशा तरुणाशेजारी आजी-आजोबांना बसवावे. त्यांनी एक वाक्य वाचावे, त्याने ते म्हणावे. यात वेळ जाईल, तो जाऊ द्यावा. पहिल्याच आठवड्यात दुसरा अध्याय येतो. तेथे लोक चकित झाले ते प्रत्येकाला आपल्या जन्मभाषेत ऐकू आले म्हणून (२:८).

सातव्या आठवड्यातील वादळाचा अध्याय (२७) उत्तम वाचणाऱ्याकडे द्यावा. शेवटचे वाचन मंदिरात न करता संघातील एखाद्या भाडेकरू कुटुंबाच्या घरी ठेवावे. पौल रोमेत दोन वर्षे भाड्याच्या घरातच राहत होता व येणाऱ्या सर्वांचे स्वागत करीत होता (२८:३०).