तारखांची वही

राजकीय हत्या, गुप्त कारवाया आणि सरकारी कारस्थानं यांवरची पुस्तकं मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला हा विषय परका नसतो. गांधीजींवर गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे आमच्याच शहरातल्या एका वृत्तपत्राचा संपादक होता. त्या हत्येनंतर १९४८ साली कुणाकुणाची घरं जळली, हे सांगणारी माणसं माझ्या लहानपणी नात्यागोत्यात होती. त्या आठवणींत जळलेले वाडे असायचे, रातोरात गाव सोडणं असायचं. गांधीजी मात्र फारसे नसायचे. ते का नसायचे, हे शोधता शोधता मी वाचत गेले. हाती लागलेलं थोडं पुढे मांडते.

१. पुस्तक मागून उघडावं.

आधी टिपा आणि संदर्भ बघावेत. ‘एका वरिष्ठ अधिकाऱ्याने खासगीत सांगितले’ एवढ्याच आधारावर प्रकरणंच्या प्रकरणं उभी असतील, तर ते पुस्तक मी खाली ठेवते. केनेडी हत्येचं उदाहरण घ्या. त्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा अहवाल १९६४ मध्ये आला. ८८८ पानांचा अहवाल आणि त्यामागे साक्षी-पुराव्यांचे २६ खंड. त्या खंडांना विषयवार सूचीच नव्हती. एखाद्या मुद्द्यावर कोण काय बोललं ते शोधायचं, तर सगळा ढीग उपसायचा. सिल्व्हिया मीगर या न्यूयॉर्कमध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी करणाऱ्या बाईंनी ती सूची स्वतः तयार केली आणि १९६६ मध्ये छापली. आयोगाच्या निष्कर्षांवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी त्यांनी आधी सगळ्यांनाच वापरता येईल अशी सूची दिली आणि मग आपलं टीकेचं पुस्तक लिहिलं. या क्षेत्रात मला सर्वांत आदर वाटतो तो त्यांच्याबद्दल.

२. अशक्य वाटलं, की कोण कुठे बसलं होतं ते पाहावं.

एकच गोळी केनेडींच्या पाठीतून शिरून पुढे बसलेल्या गव्हर्नर कॉनली यांनाही लागली, असं आयोगाने म्हटलं. कित्येक पुस्तकांत त्यावर एक आकृती असते. दोघं अगदी एकामागे एक, एकाच उंचीवर, आणि गोळी हवेत वळणं घेत चाललेली. प्रत्यक्षात कॉनली घडीच्या जादा आसनावर होते. ते आसन केनेडींच्या आसनापेक्षा खाली होतं आणि गाडीच्या आतल्या बाजूला सरकलेलं होतं. एवढं लक्षात घेतलं की ती वळणं जातात. यामुळे वाद मिटत नाही, पण आकृती काढणाऱ्याने गाडीचे फोटो पाहिले होते की नाही, ते कळतं.

दुसऱ्या बाजूलाही हीच कसोटी लावावी. १९७९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ‘बहुधा कट होता’ असा निष्कर्ष काढला, तो मुख्यतः पोलिसांच्या बिनतारी संदेशांच्या ध्वनिमुद्रणावरून. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या गटाने त्यातले गोळीबाराचे म्हणून धरलेले आवाज हत्येनंतरचे असल्याचं दाखवलं. नंतरच्या पुस्तकात पहिलं वर्ष आहे आणि दुसरं नाही, असं दिसलं तर सावध व्हावं.

३. करणाऱ्याचं पुस्तक वाचावं, पण एकटं वाचू नये.

१९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांना पदच्युत करणाऱ्या कारवाईचे म्होरके कर्मिट रूझवेल्ट यांनी १९७९ मध्ये ‘काउंटरकूप’ हे पुस्तक लिहिलं. कारवाईत ब्रिटिश गुप्तहेर खातं सामील होतं, पण त्याचं नाव छापायला सीआयएची तयारी नव्हती. रूझवेल्ट यांनी त्याच्या जागी अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीचं नाव घातलं. त्या कंपनीची वारसदार ब्रिटिश पेट्रोलियम, तिने हरकत घेतली आणि छापलेल्या प्रती मागे घ्याव्या लागल्या. आठवणी म्हणून आपण जे वाचतो, त्यात अशी अदलाबदल असू शकते. सीआयएसाठी डोनाल्ड विल्बर यांनी १९५४ मध्ये लिहिलेला अंतर्गत वृत्तान्त २००० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती लागला. तो शेजारी ठेवून वाचला, की रूझवेल्ट यांची मर्दुमकी बरीच उतरते.

नथुरामचे भाऊ आणि गांधीहत्येच्या कटात दोषी ठरलेले गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’बद्दलही माझं हेच म्हणणं आहे. सरकारने त्यावर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली, ते योग्यच झालं. पुस्तक उपलब्ध असावं, आणि ते वाचणाऱ्याच्या हाती खटल्याचे कागदही असावेत.

४. वाचलेल्या माणसाकडून सुरुवात करावी.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. बांडुंग परिषदेला जाणारी चिनी मंडळी आणि पत्रकार त्यात होते. दक्षिण चिनी समुद्रावर उजव्या पंखाकडे स्फोट झाला. कॅप्टन जटार यांनी जळतं विमान पाण्यावर उतरवलं. १९ जणांपैकी १६ गेले, जटारही गेले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. वाचलेले तिघे दीक्षित, पाठक आणि कर्णिक. देखभाल अभियंता अनंत कर्णिक यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिलं.

बॉम्ब चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासाठी होता. संशयित हाँगकाँगच्या विमानतळावर काम करणारा एक सफाई कामगार होता. तो तैवानला पळाला आणि तैवानने त्याला परत दिलं नाही. भारताकडून तपासाला गेले होते रामेश्वरनाथ काव, पुढे ‘रॉ’चे पहिले प्रमुख झालेले. पुढे खुल्या झालेल्या कागदांवरून इतिहासकार स्टीव्ह त्सांग यांनी असं मांडलं, की चौ यांना बेताचा सुगावा आधीच लागला होता, आणि तरीही विमान निघालं.

ही शेवटची गोष्ट आधी वाचली तर ती केवळ एक चतुर खेळी वाटते. कर्णिकांबरोबर आधी त्या पाण्यात उतरलेलं असलं, की तेच वाक्य वाचताना संताप येतो. तो यायलाच हवा. हेरकथांच्या नादात जटार आणि सगळ्यांना जीवरक्षक जॅकेटं वाटत राहिलेल्या हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांची नावं तळटिपेत जातात, हे मला सहन होत नाही.

५. स्वतःच्या देशाचे कागद उघडणाऱ्या लेखकाला पहिला मान.

बेल्जियन लेखक ल्यूडो दे विट यांनी १९९९ मध्ये काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांच्या हत्येवर पुस्तक लिहिलं, ते बेल्जियमच्याच सरकारी तारा वाचून. त्यातून संसदीय चौकशी झाली, आणि २००२ मध्ये बेल्जियमने माफी मागितली. शत्रुराष्ट्राची कारस्थानं उघडी करायला फारशी हिंमत लागत नाही.

६. तारखांची वही ठेवावी.

वाचताना मी शेजारी एक आखीव वही ठेवते. डावीकडे कट करणारे त्या दिवशी कुठे होते, उजवीकडे सरकारला त्या दिवशी काय ठाऊक होतं. गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाचा १९६९ चा अहवाल मी असाच वाचला, आणि इतकं बेचैन करणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

२० जानेवारी १९४८ : बिर्ला हाउसमध्ये स्फोट, मदनलाल पाहवा जागीच पकडला जातो, बाकीचे निसटतात. २१ जानेवारी : मुंबईत रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटतात. मदनलालने आपल्याला कटाबद्दल सांगितलं होतं, ते बोलून मोकळे होतात. त्याच संध्याकाळी मोरारजी पोलीस अधिकारी नगरवाला यांना ते कळवतात. दिल्लीत मदनलालच्या जबाबात पुण्याकडच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख येतो. त्या वृत्तपत्राचा संपादक कोण आणि मालक कोण, हे मुंबई सरकारच्या वृत्तपत्रांच्या यादीत छापलेलं होतं. ती यादी कुणी उघडली नाही.

पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब घेऊन ते २५ तारखेला रेल्वेने निघाले, तेही अलाहाबादच्या लांबच्या वाटेने, आणि २७ ला मुंबईत पोहोचले. माझ्या वहीत २७ जानेवारीच्या उजव्या रकान्यात हे आहे. डाव्या रकान्यात : नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला रवाना.

मधल्या काळात नगरवाला गांधीजींना पळवून नेण्याच्या बेताचा माग काढत होते. गोडसे-आपट्यांना चेहऱ्याने ओळखणारा पुण्याचा एकही साध्या वेशातला पोलीस बिर्ला हाउसच्या फाटकाशी उभा केला गेला नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता की गुप्त यंत्रणा. पुण्याला एक फोन पुरला असता. ३० जानेवारीला संध्याकाळी गोडसे त्या फाटकातून आत गेला.

गांधीहत्येमागे आणखी कोण होतं, हा प्रश्न मी सोडलेला नाही, सोडूही नये. पण त्याच्या आधी हे दहा दिवस नीट वाचावेत, असं मी भेटेल त्याला सांगते. पत्रकारितेच्या आणि कायद्याच्या मुलांना तर हटकून. कपूर अहवाल आता इंटरनेटवर कुणालाही मिळतो. तो इंग्रजीत आहे, किचकट आहे, पुनरुक्तीने भरलेला आहे. सोबतीला जगन फडणीस यांचं ‘महात्म्याची अखेर’ ठेवावं, आणि पहिली नोंद २० जानेवारीच्या स्फोटाची करावी.