हॉकींतील भारताचा उत्कर्ष, अपकर्ष व पुनरुत्थान

कोणत्याही राष्ट्राच्या कीर्तीचा विचार करतांना ती कशी मिळाली, कशी ओसरली व पुन्हां कशी मिळवावी लागली, हें तिन्ही पाहणें अवश्य असतें. भारताच्या पुरुष हॉकी संघाचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. ऑलिंपिक सामन्यांत या संघानें आजवर ८ सुवर्ण, १ रौप्य व ४ कांस्य अशीं एकंदर १३ पदकें मिळविलीं आहेत. पुरुषांच्या हॉकींत आठ सुवर्णपदकें दुसऱ्या कोणत्याही देशापाशीं नाहींत. परंतु यांपैकीं सात १९६४ पर्यंतचीं आहेत व आठवें १९८० चें. पुढें ४१ वर्षें या संघास ऑलिंपिकमध्यें एकही पदक मिळालें नाहीं. असें कां झालें, याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा खेळ आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबर आला आणि लष्करी छावण्या, रेल्वेच्या वसाहती व मिशनच्या शाळा यांमधून पसरला. कलकत्त्यास १८९५ सालीं बेटन चषकाचे व मुंबईस १८९६ सालीं आगाखान चषकाचे सामने सुरू झाले. १९२५ सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकला प्रथमच संघ गेला. त्याचे नायक जयपालसिंग मुंडा हे छोटा नागपुरांतील आदिवासी ख्रिस्ती. रांचीच्या मिशन शाळेंत शिकून ते ऑक्सफर्डपर्यंत पोहोंचले होते. संघांतील बरेच गडी अँग्लो-इंडियन होते, आणि ध्यानचंद हे लष्करांतील शिपाई होते.

मुंबईहून बोटींत बसण्यापूर्वी या संघाचा मुंबईच्या खेळाडूंशीं सामना झाला व त्यांत तो ३-२ असा हरला. निरोप देण्यास बंदरावर अवघे तिघेजण होते. त्याच संघानें ॲम्स्टरडॅमला पांच सामन्यांत २९ गोल केले, स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं, आणि २६ मे रोजीं यजमान हॉलंडला ३-० असें हरवून सुवर्णपदक जिंकलें. परतल्यावर त्याच बंदरावर माणसांचा समुद्र लोटला होता.

१९३२ सालीं लॉस एंजेलिसला भारतानें अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळविला. १९३६ सालीं बर्लिनला ध्यानचंद नायक होते. स्पर्धेपूर्वींच्या सराव सामन्यांत जर्मनीनें भारताला ४-१ असें नमविलें. पण १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यांत भारतानें त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. १९४८ सालीं लंडनला स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच उतरला आणि १२ ऑगस्ट रोजीं त्यानें ग्रेट ब्रिटनला ४-० असें हरविलें. ज्यांच्यापासून खेळ शिकलों, त्यांच्याच राजधानींत हा विजय मिळाला. त्या संघांत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस व मॅक्सी वाझ हे मुंबईचे गडी होते. १९५२ व १९५६ सालींही सुवर्णपदक आपलेंच राहिलें. १९६० सालीं रोम येथें पाकिस्ताननें १-० अशी मात केली, परंतु १९६४ सालीं टोकियोस भारतानें त्याची भरपाई केली.

यापुढें उतरण लागली. १९६८ व १९७२ सालीं कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. १९७५ सालीं क्वालालंपूरला विश्वचषक मिळाला. पण पुढच्याच वर्षीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें भारत सातवा आला. ऑलिंपिक हॉकी कृत्रिम गवतावर खेळली जाण्याची ती पहिलीच वेळ. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. खऱ्या गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो. तेथें मनगटाचें कसब व चेंडू काठीला चिकटवून नेण्याची हातोटी यांस फार मोल असतें. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ व वेगानें धावतो. तेथें धांव, दम व जोरदार फटका यांस महत्त्व येतें. युरोप व ऑस्ट्रेलियांतील मुलें लहानपणापासून अशा मैदानांवर वाढलीं. आपल्याकडे तीं खर्चामुळें मोजकींच झालीं, आणि संघटनेंतील कलहांनीं त्यांत भर घातली. १९८० सालीं मॉस्कोस सुवर्णपदक मिळालें खरें, पण अनेक बलाढ्य राष्ट्रें बहिष्कारामुळें तेथें आलीं नव्हतीं. २००८ सालीं तर भारतास ऑलिंपिकमध्यें प्रवेशही मिळाला नाहीं, आणि २०१२ सालीं संघ बाराव्या, म्हणजे अगदीं शेवटच्या स्थानीं राहिला.

या पडत्या काळांतही नेटानें खेळणारे गडी निघाले. खडकीच्या दारुगोळा कारखान्याच्या वसाहतींत वाढलेले धनराज पिल्ले लहानपणीं मोडक्या काठ्या दोरीनें बांधून खेळत. पुढें ते चार ऑलिंपिक खेळले, आणि १९९८ सालीं त्यांच्या नायकत्वाखालीं भारतानें बँकॉकच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें.

पुनरुत्थान झालें तें जुन्या आठवणी उगाळून नव्हे. नव्या मैदानांवर मुलें तयार झालीं, शरीराच्या कसास महत्त्व आलें, आणि २०१८ पासून ओडिशा सरकारनें संघास आश्रय दिला. २०२१ सालीं टोकियोस भारत जर्मनीविरुद्ध १-३ असा मागें होता. तो सामना त्यानें ५-४ असा जिंकून कांस्यपदक मिळविलें. शेवटच्या क्षणीं जर्मनीला मिळालेली संधि गोलरक्षक श्रीजेश यांनीं परतवून लावली. २०२४ सालीं पॅरिसला ग्रेट ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदास यांस मैदानाबाहेर काढण्यांत आलें. उरलेल्या दहाजणांनीं दोन तृतीयांश सामना खेळून बरोबरी राखली व नंतरच्या निर्णायक फटक्यांत विजय मिळविला. पुढें स्पेनवर २-१ अशी मात करून त्यांनीं पुन्हां कांस्यपदक घेतलें.

विद्यार्थिमित्रहो, वसई रोडहून लोकलनें चर्चगेटला उतरलां, तर स्थानकापासून जवळच मुंबई हॉकीचें मैदान आहे. सुटीच्या दिवशीं तेथें एखादा सामना अवश्य पाहा. संत पौलानें श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे; त्या शर्यतींत वडील किती वेगानें धांवले, हें मुलास कोणी विचारीत नाहीं. आपलें गांव, आपली शाळा व आपलें घर यांच्या चांगल्या नांवाचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण भुई बदलली म्हणजे पाय नव्यानें रोवावे लागतात, आणि तें काम प्रत्येक पिढीला स्वतःच करावें लागतें.