हन्ना त्या वर्षी शिलोला गेली नाही

वाचनभाग : 1 शमुवेल 1:19-28





हन्नेची गोष्ट आपण मंडळीत पुष्कळदा ऐकली आहे. तिचे रडणे, एली याजकाचा गैरसमज, तिचा नवस आणि मग शमुवेल. उपदेश तेथून बहुधा थेट मंदिरात पोहोचतो, जेथे लहानगा शमुवेल रात्री देवाची हाक ऐकतो. मधली दोन-तीन वचने राहून जातात. या वेळी आपण तेथेच थांबू.

एलकाना दरवर्षी सहकुटुंब शिलोला यज्ञ करायला जात असे. बाळ झाल्यानंतरच्या वर्षी हन्नेने जायचे नाकारले. बाळाचे दूध तुटले की मग त्याला घेऊन येईन, असे तिने नवऱ्याला सांगितले आणि तो कबूल झाला. आता पाहा, हे बाळ देवाला वाहिलेले होते. नवस फेडायचा राहिला होता. एखादी बाई म्हणाली असती, देवाचे काम आधी, बाळाचे नंतर. हन्नेने तसे केले नाही. नवस थांबला, दूध थांबले नाही. किती काळ, हे शमुवेलाच्या पुस्तकात दिलेले नाही. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (ते आपल्या बायबलमध्ये नाही) एक आई आपण मुलाला तीन वर्षे अंगावर पाजल्याचे सांगते. त्या काळी बाळ बरेच मोठे होईपर्यंत पाजत असावेत.

पूर्वी मी हा भाग आईच्या मायेचा धडा म्हणून शिकवत असे. आता माझे बोट एलकानावर जाते. तो कबूल झाला, म्हणून ती घरी राहू शकली. घर खाऊनपिऊन बरे होते, हे पुढे त्यांनी नेलेल्या बैल, पीठ आणि द्राक्षारसाच्या अर्पणावरून कळते. हन्नेला बसायला परवानगी होती आणि बसून भागतही होते. हे मला शास्त्राच्या वर्गात समजले नाही. एका दुधाच्या डब्याने समजावले.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळच्या आधी एका मंडळीने प्रेमाने बाळांच्या दुधाच्या भुकटीचे डबे गोळा करून पाठवले. मी ते जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर वाटले. एक डबा आणि बाटली तीन महिन्यांच्या बाळाच्या आईला दिली. ते कुटुंब वीटभट्टीवर निघाले होते. सासू आनंदली, आता सून कामाला मोकळी झाली. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने आणि जोडीने मिळते. नवराबायको मिळून एक जोडी. दिवाळीपूर्वीच उचल घेतलेली असते, आठवड्याची खर्ची त्यात मिळवली जाते, आणि आई बाळाला घेऊन जितका वेळ बसेल तितक्या विटा कमी पडतात. बाळ आठ वर्षांच्या बहिणीकडे राहू लागले. डबा पुरवायचा म्हणून पोरीने एका चमच्याच्या जागी अर्धा घातला. पाणी टाकीतले, बाटली नुसती विसळलेली. बाळ ओढत नाही म्हणून आईचे दूधही आटत चालले. महिनाभरात जुलाब लागले आणि बाळाचे डोळे खोल गेले.

मी रुग्णालयात पोहोचले तेव्हा डॉक्टर आईला विचारत होते, बाटली कोणी सांगितली? तिने माझ्याकडे पाहिले आणि साधेपणाने म्हणाली, "या बाईंनी दिली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती अजून माझे उपकारच मानत होती.

बाळ वाचले, देवाची स्तुती असो. तेथल्या परिचारिकेने त्याला दिवसरात्र पुन्हा पुन्हा अंगाला लावले आणि चार-सहा दिवसांत दूध परत येऊ लागले. मूल ओढते तसे दूध तयार होते, हे मला तेव्हा पुस्तकातून ठाऊक होते. डोळ्यांनी पाहिले ते तेथे. नंतर कळले की अशी भुकटी आणि बाटल्या दान म्हणून वाटायला 1992 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अनाथालयापुरती सूट आहे. म्हणजे आमचे ते प्रेमाचे काम कायद्यातही बसत नव्हते. आई हयात नसेल किंवा खरोखरच पाजू शकत नसेल, तर तो निर्णय डॉक्टरांचा.

बाळाला काय द्यावे हे फार अवघड नाही. जन्मल्यापासून तासाभरात अंगाला लावावे. पहिले पिवळे, घट्ट दूध पिळून टाकू नये. सहा महिने फक्त आईचे दूध. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, गुळाचे पाणी नको, मध नको. सहा महिने पुरे झाले की दुधाच्या जोडीला अन्न, आणि दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक.

अन्नाविषयी मात्र थोडे थांबून सांगते, कारण चूक येथेच होते. आमच्याकडे आजी बाळाला तांदळाची पेज देते, तीही वरची पातळ. पचायला हलकी, म्हणून. पण सात किलोच्या बाळाचे पोट साधारण 200 मिलीलिटरचे, म्हणजे वाटीभर. ते पाण्याने भरले की बाळ शांत होते, सगळ्यांना वाटते की जेवले, आणि वजन महिनोन्महिने तिथेच राहते. अन्न इतके घट्ट हवे की चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळू नये. नागली पाड्यावर पिकते, तिच्यात चुना भरपूर असतो. तिच्या पिठाच्या खिरीत शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे. भातात मऊ शिजलेली डाळ कुस्करून वर चमचाभर तेल सोडावे. अंडे, सुकी मासळी दळून, शेवग्याचा पाला. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा. आजारी असले तरी बंद करू नये, थोडे थोडे भरवावे.

हे सगळे आमच्या मातांना आता पाठ आहे. अंगणवाडीताई सांगतात, आशाताई सांगतात, मीही सांगते. एकदा मी तक्ता लावून शिकवत होते, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "समजलं बाई, पण भरवायचं कोणी?" एका बाळाला नीट भरवायला अर्धा तास लागतो. दिवसातून तीनदा धरला तर दीड तास. त्या दीड तासाच्या विटा कोण पाडणार?

म्हणून आमचे काम आता वेगळ्या ठिकाणी चालते. दोन भट्ट्यांवर सावलीत पाळणे बांधले आहेत आणि मजुरांपैकीच एका मोठ्या वयाच्या बाईला मानधन देऊन बाळांपाशी बसवले आहे. ती घट्ट शिजवते आणि भरवते. तान्ह्याच्या आईला ती हाक मारते, आई येऊन पाजून जाते. मालकांनी सुरुवातीला कुरकुर केली. महिन्यातून एकदा आम्ही दंडाचा घेर पट्टीने मोजतो. सहा महिन्यांवरच्या मुलाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेतो. पाड्यावर राहिलेल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे एक वेळचे गरम जेवण मिळते. ते त्यांनी तेथे बसून खावे, डब्यात घालून घरी वाटून टाकू नये, यासाठी आम्ही सासरच्यांशी बोलतो. येथे पुन्हा एलकानाच लागतो. आमच्या पुरुषांच्या बैठकीत मी हाच अध्याय वाचते, आणि काही नवरे आता संध्याकाळचे भरवणे स्वतः करतात. बायका त्यांना हसतात, पण खूश असतात.

आपल्या मंडळीच्या महिला मंडळात किंवा तरुण संघात हा भाग वाचाल, तेव्हा एक गोष्ट बोलावी अशी विनंती आहे. आपल्या घरी कामाला येणारी बाई, आपल्या शेतावरची मजूर, आपली स्वतःची सून. तिच्या घरी तान्हे असेल, तर तिला किती दिवस बसता येते, आणि ते कोणाच्या हातात आहे?

दिवाळीनंतर कुटुंबे पुन्हा भट्टीवर निघतील. त्यांच्यासाठी आणि पाळण्यांपाशी बसणाऱ्या आपल्या दोन भगिनींसाठी प्रार्थना करावी. दान द्यायचे असल्यास त्यांच्या मानधनासाठी द्यावे. दुधाचे डबे कृपया पाठवू नयेत. हाताने काही करून पाठवण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी अंगरखे शिवावेत. हन्नाही शमुवेलासाठी दरवर्षी एक शिवून नेत असे. कापड सुती असावे आणि माप दोन वर्षांच्या मुलाचे धरावे. तान्ह्यांची झबली आमच्याकडे पुरेशी आहेत.